घरच्या ट्रकचे ब्रेक : लायनर घेण्याआधी ड्रम पाहा

मालेगावातून कापडाच्या गाठी भरून निघालेला ट्रक नाशिक, इगतपुरी करीत भिवंडीकडे जातो, तेव्हा मध्ये कसारा घाट लागतो. इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे ५८५ मीटर उंच, तर कसारा २९० मीटरच्या आसपास. भरलेली गाडी थोड्याशा अंतरात जवळजवळ ३०० मीटर खाली उतरते. सोळा टन वजन इतके खाली आणताना जी ऊर्जा मोकळी होते, तिने तीस अंशांचे १६० लिटर पाणी उकळीला येईल. त्यातला काही भाग रस्ता आणि वारा खातो. गाडी गिअरमध्ये असेल तर मोठा वाटा इंजिन उचलते. बाकीचे सारे ड्रम आणि लायनर यांनी सोसायचे असते.

आपल्याकडे एक-दोन ट्रक बाळगणारी घरे पुष्कळ आहेत. एक भाऊ गाडी चालवतो, दुसरा भाडे आणि हिशेब पाहतो, पुतण्या क्लीनर म्हणून बरोबर जातो. अशा घरात ब्रेकचे काम निघाले की पहिला प्रश्न येतो, "सेट कितीला पडेल?" हा प्रश्न चुकीचा नाही, गाडीचे हप्ते आणि टायर यांतून काय उरते ते आम्हांस ठाऊक आहे. पण तो पहिला प्रश्न असू नये.

आमच्या घरी जुना दोन धुऱ्यांचा ट्रक होता. एके वर्षी अब्बांनी मागच्या चाकांचे लायनर बदलून घेतले. माल नवा, भाव चांगला. महिनाभरात ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढू लागली. दुकानदाराला दोष दिला, मिस्त्रीला दिला. शेवटी एका वयस्कर मिस्त्रीने चाके उतरवली आणि म्हणाला, "भाई, लायनर नवा आहे, पण ड्रम पाहिला का कोणी?" एका बाजूचा ड्रम लेथवर दोनदा टर्न झाला होता, दुसऱ्या बाजूचा एकदाही नाही. लायनरचा गोलावा एका ड्रमला बसत होता, दुसऱ्याला फक्त मधोमध टेकत होता. चाचा त्या दिवसांत हीच गाडी घेऊन घाट उतरत होते, हे आठवले की अजूनही अंगावर काटा येतो.

म्हणून आधी ड्रम. प्रत्येक ड्रमवर जास्तीत जास्त व्यास किती चालेल ते कंपनीने ओतलेले किंवा कोरलेले असते. टर्निंगनंतर माप त्याच्या पुढे गेले तर तो ड्रम भंगारात द्यावा, कितीही गुळगुळीत दिसत असला तरी. पातळ ड्रम उष्णता साठवू शकत नाही आणि लवकर तडकतो. आतल्या बाजूला निळसर डाग दिसले तर ड्रम फार तापलेला आहे असे समजावे. एका धुऱ्यावरचे दोन्ही ड्रम एकाच मापाला टर्न करून घ्यावेत आणि टर्न केलेल्या ड्रमला त्या मापाचाच ओव्हरसाइज लायनर मागावा. लेथवाल्याची मजुरी वाचवून लायनर महाग घेण्यात काही अर्थ नाही.

लायनर घेताना एका धुऱ्याच्या दोन्ही बाजू एकदम बदलाव्या आणि एकाच कंपनीचा, एकाच ग्रेडचा माल घ्यावा. डावीकडे एक, उजवीकडे दुसरा, ही सवय आपल्या बाजारात फार आहे. दोन ग्रेडचे घर्षण थंडपणी सारखे वाटते, तापल्यावर वेगळे होते. मग घाटाच्या मध्यावर स्टिअरिंग हातातून ओढू लागते. फार कडक लायनर टिकतो जास्त, पण पकडतो कमी आणि ड्रम खातो. फार मऊ लायनर गावात झकास वाटतो, घाटात तापून जळका वास सोडतो. गाडी कुठे चालते, किती भरते, ते दुकानदाराला सांगूनच माल मागावा. मालेगाव-भिवंडी करणारी गाडी आणि गावातल्या गावात वाळू-विटा वाहणारी गाडी यांना एकच लायनर योग्य असेलच असे नाही.

हबचे ऑइल सील गळून तेल लागलेला लायनर पेट्रोलने धुऊन किंवा जाळून परत बसवू नये. तेल आत मुरलेले असते, पहिल्याच उतारावर ते वर येते. सील बदला, लायनर बदला, परतीच्या स्प्रिंगाही बदला. स्प्रिंगांची किंमत चहापाण्याइतकी, पण थकलेल्या स्प्रिंगेमुळे शू पूर्ण मागे येत नाही आणि ड्रम चालता चालता तापत राहतो.

छोट्या टेम्पोंना बहुतेक हायड्रॉलिक ब्रेक असतात. तिथे ऑइलकडे कोणी बघतच नाही. डॉट-३ आणि डॉट-४ ऑइल हवेतली ओल शोषते. डॉट-३ नवे असताना निदान २०५ अंशांना उकळते, ओल भरल्यावर तीच मर्यादा १४० वर येऊ शकते. ऑइल उकळले की पाइपात वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट जमिनीला टेकते. चालक म्हणतो ब्रेक फेल झाला. सील न फोडलेला डबा आणावा आणि दर दोन वर्षांनी जुने ऑइल काढून टाकावे. इंजिन ऑइल किंवा कुठलेही साधे तेल चुकूनही घालू नये, रबरी कप फुगून सगळी लाइन बिघडते.

मोठ्या गाडीत हवा असते. टाकीतले पाणी रोज काढावे, हे प्रत्येक क्लीनरला माहीत आहे आणि फार थोडे करतात. स्लॅक अॅडजस्टर, एस-कॅमचे बुश आणि चेंबरचे डायफ्रॅम यांत ढिलाई असेल तर उत्तम लायनरही वाया जातो. पुशरॉड जास्त बाहेर येत असेल तर पेडलचा जोर चाकापर्यंत पोचत नाही. एक इशारा मात्र मिस्त्री बांधवांसाठी : पार्किंगचा स्प्रिंग चेंबर दुकानात उघडू नका. आतली दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव घेते. तो पुराच बदलतात.

आता 'अपग्रेड'चा विषय. हल्ली मोठा चेंबर लावून द्या, डिस्क बसवून द्या, अशी मागणी तरुण मुले करतात. मोठ्या चेंबरने चाक लवकर जाम होते, आणि जाम झालेले चाक गाडी थांबवत नाही, घसरवते. रिकामी गाडी परत येताना तर हमखास. काही गाड्यांत भाराप्रमाणे मागच्या चाकांचा जोर कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. तो बिघडला की तार बांधून मोकळे होण्याची रीत आहे, ती सोडावी. २०१५ पासून नव्या जड ट्रकांना एबीएस सक्तीचे झाले. त्याचा सेन्सर काढून दिवा बंद करणे म्हणजे दिलेल्या पैशावर पाणी सोडणे होय.

शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत मनाने फेरफार करता येत नाही. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी हेच बोट दाखवील. लायनर, ड्रम, व्हॉल्व्ह यांची बिले या कारणासाठीही जपून ठेवावीत. बिल देणारा दुकानदार सहसा डुप्लिकेट माल देत नाही.

पैसा खर्च करायचाच असेल तर आमच्या मते तो आपोआप जुळणाऱ्या स्लॅक अॅडजस्टरवर, एअर ड्रायरवर आणि घाटात चालणाऱ्या गाडीच्या एक्झॉस्ट ब्रेकवर करावा, आणि तोही त्या मॉडेलला कंपनी देत असेल तोच. एक्झॉस्ट ब्रेक इंजिनाकडून काम करून घेतो, लायनर थंड राहतो. जो चालक डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरतो, त्याच्या हातात मात्र कुठलेही सामान द्या, उपयोग नाही. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यात नवले पुलाच्या उतारावर एका ट्रकने चाळीसहून अधिक वाहनांना ठोकरले. चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते, असे तपासात पुढे आल्याचे वृत्तपत्रांनी तेव्हा छापले. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद, व्हॅक्यूम बंद. दोन-चार वेळा पेडल मारले की साठा संपतो.

ओव्हरलोडचेही तसेच. २०१८ साली सरकारने दोन धुऱ्यांच्या ट्रकचे एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांवर नेले. पण जुन्या गाडीच्या ड्रमला हे कोणी कळवलेले नाही.

गॅरेजवाल्या बांधवांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जुन्या लायनरांत अॅस्बेस्टॉस असे, आणि बाजारात अजूनही कुठला माल कशाचा आहे ते डोळ्यांनी कळत नाही. ड्रम उघडून हवेच्या पाइपने धूळ उडवण्याची आपली जुनी पद्धत आहे. ती धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि कर्करोग वीस-तीस वर्षांनी दिसतो, तोवर कारण कोणाला आठवत नाही. ओल्या फडक्याने किंवा पाणी शिंपडून धूळ पुसावी, शिकाऊ पोरांना तिथे वाकू देऊ नये. लायनर घेताना अॅस्बेस्टॉस नसलेलाच मागावा.

नवा लायनर बसवल्यावर पहिली फेरी भरलेल्या गाडीची घाटातून करू नये. गावाजवळच्या सपाट रस्त्यावर हलका भार घेऊन, पुन्हा पुन्हा हलका ब्रेक लावत दोन-तीन दिवस चालवावी, मध्ये थंड होऊ द्यावी. मग चाकांजवळ हात नेऊन पाहावा. चारही बाजूंची ऊब सारखी वाटली तर गाडी मिस्त्रीकडे नेऊन अॅडजस्टमेंट पुन्हा एकदा तपासून घ्यावी. एखादे चाक जास्त तापले असेल तर भाडे घेण्याआधी तेच चाक उतरवावे.