टाळेबंदीचा सुरेल ताळेबंद

‘ताळेबंद’ आणि ‘टाळेबंदी’ या दोन शब्दांत अक्षरांचे अंतर फारसे नाही. परंतु २०२० च्या मार्चअखेरीस हे दोन्ही शब्द आम्हा बँक कर्मचाऱ्यांच्या वाट्याला एकदमच आले. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि बँकसेवा अत्यावश्यक ठरल्यामुळे आमच्या शाखांची दारे, वेळ कमी करून का होईना, उघडी राहिली. ज्या बेंगळुरूत सिल्क बोर्डच्या चौकात अर्धा तास अडकून पडणे हे नित्यकर्म समजले जाते, तेथील रिकाम्या रस्त्यांवरून शाखेत जाता-येता जे संगीत मी ऐकले, त्याविषयी आज लिहावयाचे आहे. हे संगीत चित्रपटांतले नव्हते आणि कोणत्याही बड्या ध्वनिमुद्रण कंपनीचेही नव्हते. स्वतःच्या खर्चाने गाणे रचावयाचे, ते ध्वनिमुद्रित करावयाचे आणि आंतरजालावर स्वतःच प्रकाशित करावयाचे, असा ज्यांचा मार्ग आहे त्यांना ‘इंडी’ अर्थात स्वतंत्र संगीतकार म्हणतात. बँकेच्या भाषेत सांगायचे तर भांडवल त्यांचे, जोखीमही त्यांचीच.

बेंगळुरू हे अशा संगीतकारांचे जुने माहेरघर आहे. ‘थर्मल अँड अ क्वार्टर’ हा येथला रॉक बँड १९९६ पासून वाजवीत आहे. त्याच्या नावाची कथा मोठी गमतीदार आहे. मूळ चमूत तीन मल्याळी आणि एक पाव हिश्शाचा मल्याळी, म्हणून ‘थ्री मल अँड अ क्वार्टर’, असे सांगितले जाते! शहरात रघु दीक्षित, ‘स्वरात्मा’, ‘अगम’ अशी मंडळी आहेत. कुणी कन्नड लोकगीतांना गिटारीची जोड दिली, तर कुणी कर्नाटक संगीताला ड्रमची. पुरंदरदासांची पदे भीमसेनजींच्या स्वरात ऐकत वाढलेल्या मराठी कानाला हे सारे प्रथम थोडे परके वाटते, आणि मग हळूहळू आपलेसे होते.

अशा संगीतकाराच्या उत्पन्नाचा मोठा भाग प्रत्यक्ष कार्यक्रमांतून येतो. ध्वनिमुद्रणे ही बव्हंशी ओळखपत्रासारखी असतात. ती पाहून कार्यक्रमाचे निमंत्रण मिळते. १३ मार्च २०२० रोजी कर्नाटक सरकारने मॉल, चित्रपटगृहे, पब आणि मोठे समारंभ एका आठवड्यासाठी बंद ठेवण्याचे जाहीर केले, तेव्हा देशव्यापी टाळेबंदीला अजून बारा दिवस अवकाश होता. म्हणजे या शहरातले संगीतकार इतरांच्या आधीच बेरोजगार झाले होते. हा आठवडा पुढे किती लांबला, हे आपण सर्वांनी पाहिलेच आहे. चामराजपेटेतील फोर्ट हायस्कूलच्या प्रांगणात १९३९ पासून चालत आलेला श्रीरामसेवा मंडळीचा रामनवमी संगीतोत्सव हे बेंगळुरूचे भूषण. त्या वर्षी २ एप्रिलची रामनवमी आली ती त्या मांडवाविनाच.

गोपनीयतेची मर्यादा पाळून एक निरीक्षण येथे नोंदवितो. आमच्या शाखेत दोन-तीन वादकांची खाती होती. फेब्रुवारीपर्यंत त्यांत हॉटेलांकडून, विवाह आयोजकांकडून, महाविद्यालयांकडून नियमित जमा दिसे. एप्रिलमध्ये जमेची बाजू कोरी. मे-जूनपासून मात्र यूपीआयमार्फत दोनशे, तीनशे, पाचशे रुपयांच्या नोंदी उमटू लागल्या; कुणी घरबसल्या शिकवणी सुरू केली होती, कुणी पडद्यावरची मैफल लावली होती. ऑक्टोबर २०२० मध्ये देशभरात यूपीआयच्या व्यवहारांनी महिन्याला दोनशे कोटींचा टप्पा ओलांडला, तेव्हा त्या महाकाय आकड्यात हे पाचशे रुपयेही होते, एवढे मला ठाऊक आहे.

मदतीच्या योजना नव्हत्या असे नाही. रिझर्व्ह बँकेने २७ मार्चला हप्त्यांना तीन महिन्यांची स्थगिती दिली आणि ती पुढे ३१ ऑगस्टपर्यंत वाढविली. कीबोर्डसाठी कर्ज घेतलेल्यास तिचा आधार झाला, जरी स्थगितीच्या काळातही व्याज चालूच राहते हे समजावून सांगताना आमच्या घशाला कोरड पडली. जूनमध्ये पथविक्रेत्यांसाठी दहा हजार रुपयांच्या खेळत्या भांडवलाची स्वनिधी योजना आली. लघुउद्योगांसाठी हमी असलेले तातडीचे कर्ज आले, पण ते ज्यांचे कर्ज आधीपासून चालू होते त्यांनाच. रस्त्यावर भाजी विकणाऱ्यासाठी रकाना होता, कारखानदारासाठी रकाना होता. पब, लग्नमंडप आणि महाविद्यालयांच्या महोत्सवांत वाजवून पोट भरणाऱ्यासाठी रकाना नव्हता. हा कुणा एकाचा दोष नव्हे. मात्र उत्पन्नाचा पुरावा म्हणजे पगारपत्रक किंवा दुकानाचा परवाना, असे मानणाऱ्या व्यवस्थेत कलावंत कसा दिसेनासा होतो, ते त्या वर्षी लख्ख दिसले.

आणि तरीही गाणी येत राहिली. ‘थर्मल अँड अ क्वार्टर’चा ‘अ वर्ल्ड गॉन मॅड’ हा अल्बम २०२० मध्येच आला. शीर्षक वाचून तो साथीवरच बेतला असावा असे वाटते. प्रत्यक्षात त्यातली अस्वस्थता विषाणूहून जुनी आहे. सत्तेचा मद, एकमेकांविषयीचा संशय, सतत चाललेला कोलाहल यांवरचा तो संताप आहे. ब्रूस ली मणी यांची गिटार ब्लूजच्या वळणाने जाता जाता मधेच जॅझकडे झुकते, राजीव राजगोपाल यांचा ड्रम तिला जमिनीवर धरून ठेवतो, आणि शब्दांतला उपरोध कुठेही आरडाओरडा करीत नाही. चोवीस वर्षे एकत्र वाजविलेल्या माणसांनाच जमणारी ही सहजता आहे. हीच मंडळी शहरात ‘टाकॅडमी’ नावाची संगीतशाळाही चालवितात. माझ्या यादीत हा अल्बम पहिला. त्या वर्षी मी तो इतक्या वेळा ऐकला की शाखेतले सहकारी माझ्या बोटांनी टेबलावर धरलेला ताल ओळखू लागले.

जुलैमध्ये बेंगळुरूत पुन्हा एक आठवड्याची टाळेबंदी झाली. त्याच महिन्यात प्रतीक कुहाड यांचे ‘कसूर’ आले. मूळचे जयपूरचे हे गायक तेव्हा स्वतंत्रच होते. अमेरिकेतल्या मोठ्या कंपनीशी त्यांचा करार त्यानंतर, डिसेंबरात झाला. ‘कसूर’ची चित्रफीत दिग्दर्शिका दार गाय यांनी केली. चित्रीकरणस्थळे बंद होती, म्हणून निरनिराळी माणसे आपापल्या घरी पडद्यासमोर बसली आहेत, त्यांना काही प्रश्न विचारले जात आहेत आणि उत्तर शब्दांत न देता ती फक्त चेहऱ्याने व्यक्त होत आहेत, एवढेच त्यात दिसते. साधनांच्या अभावातून असे काही साधावे, याला मी कल्पकता म्हणतो. गाणे म्हणून ते थोडे अतिमधुर आहे, हेही सांगून टाकतो. मुंबईच्या तेजस मेनन यांनी दूरदृश्य बैठकांवर रचलेले विनोदी संगीतकही त्याच काळातले. आवाज बंद ठेवून बोलणारा एक, मधेच गायब होणारा दुसरा. आमच्या क्षेत्रीय कार्यालयाच्या बैठकांना बसलेल्या कुणालाही त्यावर हसू आल्यावाचून राहणार नाही.

मराठी वाचकांसाठी मात्र ‘स्वदेसी’चा उल्लेख अगत्याचा. मुंबईतल्या या रॅप समूहाचा ‘चेतावणी’ हा पहिला अल्बम जानेवारी २०२० मध्ये, म्हणजे साथ देशात हातपाय पसरण्यापूर्वी आला. हिंदी, मराठी, गुजराती, बंगाली अशा भाषा एकाच समूहात नांदतात; मराठीचा मान एमसी मवाली यांच्याकडे, गुजरातीचा एमसी तोडफोड म्हणजे धर्मेश परमार यांच्याकडे. त्याआधी, २०१९ मध्ये, आरेच्या जंगलासाठी झटणारे आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासह त्यांनी वारली बंडावर गाणे केले होते. त्यांच्या एका गाण्याचे नाव ‘महामारी’ असे आहे. ती महामारी विषाणूची नसून नफेखोरीची. रॅप म्हटले की नाक मुरडणाऱ्यांना मी एवढेच सुचवीन की पोवाडा आणि भारूड ऐकलेल्या कानांनी ते एकदा ऐकावे. ठणकावून सांगण्याची ती रीत आपल्याकडे नवी नाही. धर्मेश परमार २० मार्च २०२२ रोजी अवघ्या चोविसाव्या वर्षी निवर्तले. ‘ट्रुथ अँड बास’ हा त्यांचा स्वतःचा अल्बम त्याच महिन्यात प्रकाशित झाला होता.

७ सप्टेंबरला नम्म मेट्रो पुन्हा धावू लागली. ऑक्टोबरअखेर सायंकाळच्या त्या निम्म्या रिकाम्या डब्यात मी एड्रियन लेंकर या अमेरिकी गायिकेचा ‘साँग्ज’ हा अल्बम प्रथम ऐकला. ‘बिग थीफ’ या आपल्या बँडचा युरोपदौरा मार्चमध्ये अर्धवट सोडून त्या मॅसॅच्युसेट्समधल्या एका एकखोली लाकडी घरात जाऊन राहिल्या आणि तेथेच जुन्या पद्धतीच्या फितीवर त्यांनी ही गाणी मुद्रित केली. गिटार, आवाज आणि मधून मधून बाहेरचा पाऊस व पाखरे. मुद्रणालयात जे आवाज कटाक्षाने पुसले जातात तेच येथे राहू दिले आहेत. मास्कआड गप्प बसलेल्या प्रवाशांत ते ऐकताना, सातासमुद्रापलीकडची ती खोली मला शेजारची वाटली.

येथे थोडे विषयांतर करण्याची अनुमती असावी. बेंगळुरूला साथ नवी नाही. १८९८ च्या प्लेगने हे शहर हादरले होते. दाटीवाटीच्या पेठांतून माणसे बाहेर काढण्याच्या गरजेतून मल्लेश्वरम् आणि बसवनगुडी या मोकळ्या वसाहती आकाराला आल्या, आणि शहरात प्लेगअम्माची देवळे उभी राहिली. त्या साथीच्या वसाहती उरल्या, देवळे उरली; पण त्या वर्षी येथे लोक काय गुणगुणत होते, त्याचा स्वर उरला नाही. कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे तबकडीवर चढले ते १९०२ मध्ये. (या गौहरजान अखेरच्या काळात म्हैसूर दरबाराच्या आश्रयाला आल्या आणि १९३० मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.) २०२० च्या साथीचा आवाज मात्र मागे राहिला आहे, आणि तो बऱ्याच अंशी अशा स्वतंत्र कलावंतांनी स्वतःच्या खिशातून पैसे घालून मागे ठेवला आहे.

साथीच्या काळात बेंगळुरूला मिळालेला मोठा सन्मान म्हणजे ‘डिव्हाइन टाइड्स’. दंतवैद्यकाची पदवी घेऊन संगीताकडे वळलेले येथील रिकी केज आणि ‘द पोलिस’ या बँडचे ड्रमवादक स्ट्युअर्ट कोपलंड यांचा हा नऊ रचनांचा अल्बम जुलै २०२१ मध्ये आला आणि एप्रिल २०२२ मध्ये त्याला ग्रॅमी पुरस्कार लाभला. पृथ्वीवर दूर दूर विखुरलेल्या वादकांनी आपापल्या ठिकाणी वाजवून एक रचना पूर्ण करणे हे त्यातले खरे नवल. निर्मिती इतकी झळाळती की माझ्यासारख्याला त्यात पाखरांचा आवाज शोधावासा वाटतो. पण ही वैयक्तिक आवड झाली.

आता थोडे पैशांविषयी. बँकेच्या अंकात ते यावयासच हवे. आपण महिन्याची वर्गणी भरून मोबाइलवर गाणी ऐकतो. आपली अशी समजूत असते की ज्याला ऐकले त्याला आपले पैसे गेले. बहुतेक ठिकाणी तसे होत नाही. सर्वांची वर्गणी एका सामायिक निधीत जमा होते आणि सेवा पुरविणाऱ्याचा वाटा वजा जाता उरलेली रक्कम एकूण श्रवणसंख्येच्या प्रमाणात वाटली जाते. मी महिनाभर केवळ एकाच स्थानिक बँडला ऐकले, तरी माझ्या वर्गणीचा फार मोठा हिस्सा मी कधीही न ऐकलेल्या लोकप्रिय गायकांकडे जातो. याउलट ‘बँडकॅम्प’सारख्या संकेतस्थळावर अल्बम विकत घेता येतो. तेथे डिजिटल विक्रीवर साधारणपणे १५ टक्के वाटा संकेतस्थळ ठेवते, म्हणजे पाचशे रुपयांमागे पंचाहत्तर. शिवाय पैसे पाठविण्याचा किरकोळ आकार. २० मार्च २०२० या शुक्रवारी त्यांनी आपला वाटा सोडून दिला आणि त्या एका दिवसात श्रोत्यांनी सुमारे ४३ लाख डॉलरची खरेदी केली. पुढे मे महिन्यापासून महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी हा उपक्रम चालू राहिला. माझी बहुतेक खरेदी अशा शुक्रवारांचीच. यूपीआयने पाचशे पाठविणाऱ्या त्या अनामिक श्रोत्याचाच हा परदेशी भाऊबंद म्हणायचा.

आपल्या घरात कुणी गाणारे-वाजविणारे असेल, तर चार गोष्टी आवर्जून कराव्यात. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली ‘उद्यम’ नोंदणी सेवा व्यवसायांनाही खुली आहे, विनाशुल्क आहे आणि आधार क्रमांकाच्या आधारे ऑनलाइन होते. कार्यक्रमाचे मानधन रोखीने न घेता खात्यात घ्यावे. तीन वर्षांचे खातेउतारे आणि प्राप्तिकर विवरणपत्रे हाती असली की कर्ज अधिकाऱ्याला नकार देणे जड जाते, हे अनुभवाने सांगतो. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्याने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला हिस्सा राखून ठेवला आहे. तो गोळा करण्यासाठी ‘आयपीआरएस’ या संस्थेचे सभासदत्व घ्यावे. आणि शाखेत येऊन अर्ज भराल तेव्हा ‘व्यवसाय’ या रकान्यात ‘इतर’ अशी खूण न करता ‘संगीतकार’ असे स्पष्ट लिहावे. शब्द पाच अक्षरी आहे, रकान्यात मावतो.