सरकार जामीन राहतं तेव्हा

बऱ्हाणपूरच्या शनवाऱ्यात चहाच्या गाडीपाशी बजेटचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं : सरकारला कसली पैशाची ददात, नोटांचं मशीन त्यांच्याच घरात! मशीन घरात आहे हे खरंच. देवास आणि नाशिक इथले नोटांचे छापखाने सरकारी मालकीचेच आहेत. पण नोट चलनात आणते ती रिझर्व्ह बँक, आणि सरकारची तूट भरून काढायला नोटा काढण्याची सोय फार आधीच आवळली गेली. केंद्राला पैसे कमी पडले की ॲड हॉक ट्रेझरी बिलं रिझर्व्ह बँकेच्या नावे करायची आणि रक्कम उचलायची, ही पद्धत ३१ मार्च १९९७ रोजी संपली. एप्रिल २००६ पासून तर अपवादाची परिस्थिती सोडली तर रिझर्व्ह बँक केंद्राचे नवे रोखे थेट विकतही घेत नाही. भोपाळच्या राज्य सरकारकडे तर मशीनच नाही. त्याला बाजारात रोखे विकावे लागतात, आणि राज्यावर केंद्राचं जुनं कर्ज असेल तर घटनेच्या कलम २९३ प्रमाणे त्यासाठी दिल्लीची संमती लागते.

नोटा छापून भागत नाही हे पटलं की माणूस दुसऱ्या टोकाला जातो : मग हे कर्ज घेतातच कशाला? २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात येणाऱ्या रुपयातले २४ पैसे कर्जाचे होते आणि जाणाऱ्या रुपयातले २० पैसे व्याजाचे. आकडे बोचतात. पण आपल्या गावातला पॉवरलूमवाला मागावर कर्ज काढतो तेव्हा त्याला कुणी उधळ्या म्हणत नाही. त्याने लग्नाच्या पंगतीसाठी कर्ज काढलं तर म्हणतात. सरकारचंही तसंच, यावर इथे जास्त शाई घालवत नाही.

कारण खरा घोळ कागदावर दिसणाऱ्या कर्जात नसतो. तो असतो सरकार जिथे जामीन राहतं तिथे. ‘हमीच दिली आहे, पैसे थोडेच दिलेत?’ हा गैरसमज मला सगळ्यांत महागडा वाटतो. सहकारी साखर कारखान्यांमुळे महाराष्ट्रातल्या वाचकाला ‘थकहमी’ हा शब्द पाठ आहे. कर्जदाराने थकवलं की हमी देणाऱ्याच्या दारात वसुली येते. भावकीत कुणाला जामीन राहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. सरकारला मात्र दर पिढीत नव्याने शिकावं लागतं.

दाभोळ आठवा. १९९३ साली महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ कंपनीशी वीजखरेदीचा करार केला. वीज उचलली नाही तरी स्थिर आकार द्यायचाच, असं त्यात होतं. पुढच्या वर्षी मंडळाच्या पाठीमागे राज्य सरकारची हमी उभी राहिली आणि राज्याच्या पाठीमागे केंद्राची प्रतिहमी. सही करताना तिजोरीतून दमडी गेली नाही. १९९९ मध्ये वीज सुरू झाली, बिलं मंडळाच्या आवाक्याबाहेर गेली आणि २००१ मध्ये कंपनीने थेट केंद्राची प्रतिहमी वटवायला काढली. परदेशातला दाखला हवा असेल तर मोझांबिक. तिथल्या सरकारने २०१३-१४ मध्ये टूना मासेमारीसारख्या कामांसाठी काढलेल्या कंपन्यांच्या सुमारे २०० कोटी डॉलरच्या कर्जांना हमी दिली आणि त्यातली बरीचशी लपवून ठेवली. २०१६ मध्ये बिंग फुटलं, परदेशी मदत थांबली आणि त्या गरीब देशाचे हप्ते थकले.

पण आपल्याला इतकं लांब जायची गरज नाही, नेपानगरची कागद गिरणी आपल्याच बऱ्हाणपूर जिल्ह्यात आहे. सलई आणि बांबूपासून वर्तमानपत्राचा कागद करायचा म्हणून १९४७ मध्ये ही गिरणी खासगी कंपनी म्हणून निघाली. पैसा पुरेना, तेव्हा १९४९ मध्ये तेव्हाच्या मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने कारभार हाती घेतला. १९५६ मध्ये पंडित नेहरूंनी ती राष्ट्राला अर्पण केली आणि १९५९ मध्ये मालकी केंद्राकडे गेली. आयात कागदावर बंधनं होती तोवर ठीक चाललं. बाजार खुला झाला आणि जुनी यंत्रं मागे पडली. २०१६ मध्ये नूतनीकरणासाठी उत्पादन थांबलं, पण पगार थांबवता येत नाहीत. २०१८ मध्ये केंद्राने ४६९ कोटी ४१ लाखांचं पॅकेज मंजूर केलं. त्यात २७७ कोटी भागभांडवल, पगारासाठी १०१ कोटी ५८ लाखांचं कर्ज आणि बाकीचे स्वेच्छानिवृत्तीसाठी. ऑगस्ट २०२२ मध्ये गिरणी पुन्हा सुरू झाली.

यातली मेख अशी, की ‘गिरणी बंद पडली तर आम्ही पगार देऊ’ असं १९५९ मध्ये कुणीही लिहून दिलेलं नव्हतं. दाभोळला निदान कागद तरी होता. नेपानगरला अख्खी वसाहत गिरणीवर उभी होती, तेवढ्यानेच सरकार बांधलं गेलं. पैसे द्यायला नको होते असं मी म्हणणार नाही, ते गाव मी पाहिलेलं आहे. पण ही रक्कम ‘अचानक आली’ असं जे म्हणतात ते चूक. ती गिरणीच्या मालकीतच दडलेली होती, फक्त कोणत्या वर्षी बाहेर येईल तेवढं ठाऊक नव्हतं. उघड हम्यांचं विवरण अर्थसंकल्पासोबत येतं, हौस असेल त्याने वाचावं. न लिहिलेल्या जामिनाला मात्र विवरणच नसतं.

विजेचंही असंच. वीज वितरण कंपनी तोट्यात गेली तर ते कंपनीचं बघून घेतील, असं आपण समजतो. २०१५ च्या ‘उदय’ योजनेत सहभागी राज्यांनी या कंपन्यांचं ७५ टक्के कर्ज स्वतःच्या डोक्यावर घेतलं. मध्य प्रदेश त्यात २०१६ मध्ये गेला. कंपनीचं कर्ज असं राज्याचं, म्हणजे पर्यायाने आपलं झालं.

आणखी एक समज गावात फार लाडका आहे : योजना बांधून झाली म्हणजे खर्च संपला. जुलै २०२२ मध्ये बऱ्हाणपूर देशातला पहिला प्रमाणित ‘हर घर जल’ जिल्हा ठरला. २५४ गावांतल्या लाखाहून अधिक घरांत नळ पोहोचला. २०१९ मध्ये हा आकडा सदतीस हजारांच्या आसपास होता. अभिमानाचीच गोष्ट. जलवाहिनी आणि टाक्यांचा पैसा केंद्र-राज्याने निम्मानिम्मा उचलायचा, पण रोजचा खर्च गावाच्या पाणीपट्टीतून भागायचा. आणि हा रोजचा खर्च कधी संपत नाही : १६१५ च्या सुमारास, मुघल सरदार खानखानाच्या काळात बांधलेल्या आपल्या कुंडी भंडारा या भुयारी पाणीयोजनेला पंप लागत नाही. सातपुड्यातून झिरपणारं पाणी उताराने शहराकडे येतं. तरी भुयाराच्या भिंतींवर चुन्याचे थर चढतच राहतात आणि ते खरवडायला माणसं लागतात. आपल्या नळांना तर पंपही लागतो. वसुली कमी पडून एखाद्या पंचायतीने पंपाचं बिल थकवलं, तर ती थकबाकी जमा होते त्याच वीज कंपनीच्या खात्यावर.