सदाफुलीत कॅन्सरच्या औषधाचा कच्चा माल असतो कुठे? लेझरने काढला नकाशा

अंगणातल्या सदाफुलीपासून कॅन्सरवरचं औषध बनतं, हे तुम्ही ऐकलं असेल. पण १ ग्रॅम विनब्लास्टिन मिळवायला सुमारे ५०० किलो वाळलेली पानं लागतात! मग झाड हा माल ठेवतं तरी कुठे?

पानं वाटून अर्क काढला तर रसायनं कोणती ते कळतं, पण ती कुठे होती ते कळत नाही. तिथे 'माल्डी' हे तंत्र कामी येतं.

कसं चालतं?
झाडाच्या पातळ कापावर एका खास रसायनाचा थर देतात आणि ठिपक्याठिपक्याने लेझर मारतात. थर लेझरची ऊर्जा शोषतो आणि झाडातले रेणू फारसे न तुटता विद्युतभारित होऊन उडतात. हलके रेणू यंत्रात आधी पोहोचतात, जड नंतर. त्यावरून वजन आणि वजनावरून रसायन ओळखतात. सगळ्या ठिपक्यांच्या नोंदी जोडल्या की नकाशा तयार.

काय सापडलं?
२०१६ मध्ये जपानी संशोधकांनी सदाफुलीच्या खोडाचा असा नकाशा केला. सुरुवातीची रसायनं बाहेरच्या त्वचेच्या पेशींत होती. विनब्लास्टिनचा घटक असलेलं कॅथरॅन्थिन मात्र आतल्या मोजक्या, खास पेशींत साठलेलं होतं.

म्हणजे माल एका पेशीतून दुसरीकडे जातो. एवढी पानं न वापरता औषध बनवायचं, तर आधी हा प्रवास समजायला हवा.