बंबाखालची राख

बंब धुमसू लागला की आपण फुंकणी शोधतो. त्याआधी जाळीखाली डोकावून पाहा. लाकडाला लागणारी हवा तिथूनच वर जाते. राख साचून जाळीला टेकली की ही वाट बुजते. मग लाकूड अर्धवट जळते, धूर होतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा वासहीन विषारी वायूही वाढतो; बंद न्हाणीघरात तो जीवघेणा! म्हणून राख रोज काढावी. मात्र सकाळची राख संध्याकाळी गार दिसली तरी फसू नका. राख उष्णतेची मंदवाहक असल्याने तिच्या पोटात निखारा तासन्‌तास धगधगत राहतो. (चुलीतला विस्तव रात्रभर याच युक्तीने टिकवीत.) तेव्हा राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यातच भरावी, प्लॅस्टिकच्या बादलीत किंवा गवताजवळ कधीही नको.