षट्कोणी फुलांची रजई : आधीं वाट, मग फुलें

घरोघरीं चिंध्यांचें एक गाठोडें असतेंच. जुन्या लुगड्याचा मऊ पदर, झबल्यांतून उरलेलें छीट, सदऱ्याच्या कापडाची पट्टी. टाकून देववत नाहीं आणि उपयोगहि सुचत नाहीं. आपल्याकडे त्यांतून गोधडी किंवा वाकळ निपजते. कापडाचे थर एकावर एक अंथरून आरपार धावदोरा घातला कीं ऊबदार पांघरूण तयार होतें. इंग्लंड व अमेरिका या देशांतील गृहिणींनीं याच चिंध्यांची निराळी व्यवस्था लाविली. सहा समान बाजूंचे लहान लहान तुकडे हातानें एकमेकांस जोडून त्यांनीं कापडाची फुलबाग उभी केली. त्या रजईची मांडणी आधीं कशी योजावी, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

अमेरिकेंत फिलाडेल्फिया शहरीं निघणाऱ्या ‘गोडीज लेडीज बुक’ या स्त्रियांच्या मासिकानें १८३५ सालीं षट्कोणी तुकड्यांचा नमुना छापला होता. पुढें १९२९ नंतरच्या मंदीच्या काळांत, एकेक चिंधी जपून वापरावी लागत असतां, हा नमुना ‘आजीची फुलबाग’ या अर्थाच्या नांवानें त्या देशांत फार लोकप्रिय झाला. पशुखाद्याच्या छापील कापडी पिशव्याहि त्या काळीं रजयांच्या कामीं आल्या.

कृति थोडक्यांत अशी. जाड कागदाचे अगदीं सारखे षट्कोण कापावे. कापड कागदाहून चोहों बाजूंनीं पाव इंच मोठें ठेवून कडा मागें दुमडावी व कच्च्या दोऱ्यानें टाचावी. मग दोन तुकड्यांच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवून कडेकडेनें बारीक टाके घालावे. तुकड्याच्या साऱ्या बाजू शेजाऱ्यांशीं जोडल्या गेल्या कीं कच्चा दोरा उसवून कागद काढून घ्यावा. हें काम चार दिवसांत हातांत बसतें. मांडणीचें तसें नाहीं. ती चुकली तर अनेक महिन्यांची मेहनत अडून राहते.

एक तुकडा मध्यभागीं, त्याभोंवतीं सहा, त्यांच्याभोंवतीं बारा, असें एकोणीस तुकड्यांचें फूल होतें. पुष्कळ जणी एक फूल, दुसरें फूल असें करीत जातात, आणि वीसपंचवीस फुलें हातीं आल्यावर त्यांच्या मधली जागा कशानें भरावी याचा विचार करूं लागतात. क्रम याच्या उलट असावा. फुलांच्या मधून फिरणारी वाट आधीं ठरवावी.

याचें कारण उघड आहे. फुलें कितीहि निरनिराळ्या कापडांचीं असलीं तरी शोभतात. किंबहुना त्या विविधतेंतच बागेची मौज आहे. वाट मात्र या टोंकापासून त्या टोंकापर्यंत एकाच कापडाची हवी. तीच साऱ्या विसंगत रंगांना एकत्र बांधते. तिचें कापड अर्ध्यावर संपलें तर नेमकी तीच छटा पुन्हां मिळण्याचा भरंवसा नसतो, आणि जवळपासची छटा घातली तर तेवढाच भाग डोळ्यांत सलतो.

म्हणून थोडा हिशेब करावा. एकेरी वाटेनें वेढलेल्या फुलाभोंवतीं अठरा तुकडे दिसतात. परंतु ते सर्व त्या एकट्या फुलाचे नव्हेत. बाजूंवरील बारा तुकडे दोन दोन फुलांत वांटले जातात, आणि कोपऱ्यांवरील सहा तुकडे तीन तीन फुलांत. म्हणजे एका फुलाच्या वांट्यास सहा आणि दोन मिळून आठच तुकडे येतात. तुकड्याची बाजू एक इंच धरली तर शेजारच्या दोन फुलांचे मध्य नऊ इंचांच्या अंतरावर पडतात. सात आणि सहा फुलांच्या आळीपाळीनें अकरा ओळी घेतल्या तर बहात्तर फुलें होतात, आणि रजई सुमारें ६५ इंच रुंद व ९० इंच लांब भरते. फुलांस १३६८ तुकडे लागतील व वाटेस ५७६. सहा फुलांच्या ओळींच्या दोन्ही टोंकांस ज्या खांचा राहतील, तेथें अर्धीं फुलें बसवावीं किंवा त्या वाटेच्याच कापडानें भराव्या. ती भर व कडेची वाट धरून एकंदर तुकडे सवादोन हजारांच्या घरांत जातात. रोज चार तुकडे जोडणाऱ्या गृहिणीस हें दीड वर्षाचें काम आहे. एवढा धीर नसेल तर बाजू दीड इंचाची घ्यावी. तुकडे हजाराच्या आसपास येतील.

एक इंच बाजूच्या तुकड्यास अडीच इंच चौरस कापड पुरतें. छत्तीस इंच पन्ह्याच्या कापडांत एका ओळींत असे चौदा चौकोन बसतात. त्यावरून नुसत्या वाटेला तीन वार, आणि खांचा व कडा धरून पांच वार कापड एकाच वेळीं घ्यावें, धुऊन रंग जातो कीं काय तें पाहावें, आणि मगच कात्री लावावी.

आतां चिंध्यांचे तीन ढीग करावे. साडेसात इंच रुंद व दहा इंच लांब अशा कापडांतून बाहेरच्या बारा पाकळ्या निघतात. पांच इंच रुंद व साडेसात इंच लांब अशा कापडांतून आंतल्या सहा. याहून लहान तें फुलाच्या मध्यासाठीं. एखाद्या जपलेल्या लुगड्याचा तळहाताएवढाच तुकडा उरला असला तरी त्याला अशा रीतीनें मानाची जागा मिळते.

अमेरिकन प्रघात मध्य पिवळा, आंतली फेरी एकरंगी, बाहेरची छापील आणि वाट पांढरी किंवा हिरवी, असा आहे. रंग कोणतेहि घ्या, पण बाहेरच्या पाकळ्या व वाट यांच्यांत फिकट आणि गडद असा स्पष्ट फरक ठेवा. डोळे अर्धवट मिटून पाहिलें असतां फुलाची कडा विरघळत असेल तर ती निवड बदलावी.

सर्व फुलें होईपर्यंत वाटेचा एकहि तुकडा जोडूं नये. तीं जमिनीवर पांढऱ्या चादरीवर मांडावीं. एकाच रंगाचीं दोन फुलें शेजारीं नकोत. गडद फुलें एका कोपऱ्यांत गोळा होऊं नयेत. मनासारखें जमलें कीं प्रत्येक फुलास ओळीचा व जागेचा आंकडा लिहिलेली चिठ्ठी टाचावी. मग प्रत्येक फुलाच्या लागोपाठच्या त्याच तीन बाजूंस, मधल्या दोन कोपऱ्यांसह, वाटेचे आठ तुकडे जोडावे. फुलें सारख्या दिशेनें ठेवलीं म्हणजे एकाची वाट दुसऱ्याच्या उघड्या बाजूस आपोआप येऊन मिळते. प्रथम ओळी कराव्या, नंतर ओळी एकमेकींस जोडाव्या.

पाश्चात्य देशांतील जुन्या संग्रहांत अशा कांहीं अपुऱ्या रजया आहेत, कीं ज्यांच्या पाठीशीं कागद अजून तसेच टाचलेले आहेत. ते कागद म्हणजे कोणाचीं पत्रें, कोणाच्या वह्यांचीं पानें; त्यांवरून जाणकार त्या कामाचा काळ ठरवितात. अभ्यासकांस त्यांचें मोल मोठें असेल. परंतु ज्या हातांनीं त्या आरंभिल्या त्यांचा हेतु कोणाला तरी ऊब द्यावी हाच असणार. तो सिद्धीस जावयाचा तर पहिला टाका घालण्यापूर्वीं एक संध्याकाळ कागद, पेन्सिल आणि फूटपट्टी घेऊन बसावें, हें बरें.