मॉनिटरिंग ‘ऑन’ आहे, पण मोजतंय काय?

नॉर्थ कॅरोलायनातलं मॉरिसव्हिल हे राली आणि डरहॅमच्या मधलं छोटं गाव. 1959 साली सुरू झालेल्या रिसर्च ट्रँगल पार्कला ते अगदी खेटून आहे, लेनोवोचं अमेरिकेतलं मुख्यालय इथेच आहे आणि 2020च्या जनगणनेत दर दहा रहिवाशांतले चाराहून जास्त आशियाई वंशाचे निघाले. मेजर लीग क्रिकेटच्या 2023च्या पहिल्याच मोसमातले सामने इथल्या चर्च स्ट्रीट पार्कवर झाले, यावरून वस्तीचा अंदाज यावा. इथल्या मराठी घरांत डेटाबेस सांभाळणारा माणूस शोधावा लागत नाही, आणि त्याच डेटाबेसची दुसरी पाळी बरेचदा पुण्यात कोणीतरी करत असतं. परफॉर्मन्स मॉनिटरिंगच्या सेटिंग्जबद्दल दोन्हीकडे काही समजुती इतक्या पक्क्या आहेत की त्या तपासायचं कोणाच्या मनातही येत नाही.

पहिली समजूत माय-एसक्यूएलवाल्यांची: “परफॉर्मन्स स्कीमा ऑन आहे, म्हणजे सगळं मोजलं जातंय.”

नाही. 5.6 आवृत्तीपासून परफॉर्मन्स स्कीमा मुळातच चालू येते, हे खरं. मारियाडीबीत मात्र ती बंद असते, तेव्हा आधी आपण नेमकं कशावर काम करतोय ते बघावं. पण चालू असली तरी तिच्या आत दोन वेगळे खटके आहेत. सर्व्हरच्या कोडमध्ये जागोजागी मोजमापाचे बिंदू बसवलेत, ते इन्स्ट्रुमेंट्स. मोजलेलं कुठल्या टेबलांत साठवायचं हे ठरवतात ते कन्झ्युमर्स. पाण्याचं मीटर फिरतंय पण रीडिंगची वहीच उघडलेली नाही, अशी गत इन्स्ट्रुमेंट चालू आणि कन्झ्युमर बंद असल्यावर होते. कन्झ्युमर्समध्ये पुन्हा वरखाली आहे: सगळ्यांत वरचा ग्लोबल इन्स्ट्रुमेंटेशन बंद केला, तर खालचं काहीही चालू असून उपयोग नाही.

8.0मध्ये चालू क्वेरी, प्रत्येक थ्रेडच्या शेवटच्या काही क्वेरी आणि क्वेरींचा एकत्रित गोषवारा, म्हणजे डायजेस्ट, एवढं न मागता मिळतं. वेट (क्वेरी कशासाठी थांबली) आणि स्टेज (क्वेरीचे टप्पे) यांची नोंद ठेवणारे कन्झ्युमर्स बंद असतात. थ्रेडच्या इतिहासात सहसा 10च क्वेरी राहतात आणि थ्रेड संपला की त्याही जातात. सकाळी ऑफिसात येऊन “काल रात्रीची ती क्वेरी दाखवा” म्हणणाऱ्याला म्हणूनच तिथे काही सापडत नाही. त्यासाठीचा लांबलचक इतिहास ठेवणारा कन्झ्युमर वेगळा आहे, तो स्वतः चालू करावा लागतो, आणि त्याच्याही ओळींना मर्यादा असते.

“एकदा अपडेट मारून सेट केलं की झालं.” हा गैरसमज पहिल्यापेक्षा महाग पडतो. परफॉर्मन्स स्कीमाची टेबलं मेमरीत राहतात, डिस्कवर नाही. सेटअप इन्स्ट्रुमेंट्स किंवा सेटअप कन्झ्युमर्स टेबलात केलेला बदल सर्व्हर रीस्टार्ट झाला की पुसला जातो. 8.0मधल्या सेट पर्सिस्टचा आधार घेऊ म्हणाल, तर तो फक्त सिस्टिम व्हेरिएबल्सना लागू आहे, या टेबलांतल्या ओळींना नाही. कायमचं हवं ते कॉन्फिगरेशन फाइलमध्ये लिहावं लागतं. कोणत्या युजरचं मोजायचं हे सेटअप अ‍ॅक्टर्समध्ये ठरवलं असेल, तर त्या ओळी सुरुवातीलाच घालण्यासाठी इनिट फाइलचा मार्ग आहे. शनिवारी पॅचिंग झालं, सर्व्हर उठला, सगळे हिरवे दिवे लागले, आणि सोमवारी कळलं की महिनाभर घासूनपुसून बसवलेलं मॉनिटरिंग मूळपदावर आलंय. हे असंच होतं. आणखी एक खोच अशी की म्यूटेक्ससारखी काही इन्स्ट्रुमेंट्स चालत्या सर्व्हरवर बदलली तरी परिणाम होत नाही, ती सुरू होतानाच ठरतात.

आता आकड्यांकडे. डायजेस्ट टेबलात एका क्वेरीसमोर 2500000000000 असा आकडा दिसतो. याला मायक्रोसेकंद समजलात तर ती क्वेरी जवळजवळ 29 दिवस चालली असं उत्तर येईल. प्रत्यक्षात हे पिकोसेकंद आहेत आणि क्वेरीला लागलेत अडीच सेकंद. दशांश चिन्ह बारा घरं डावीकडे सरकवलं की सेकंद मिळतात. सिस स्कीमाचे व्ह्यू वापरलेत तर हा हिशेब ते स्वतःच करून देतात. पोस्टग्रेसच्या पीजी स्टॅट स्टेटमेंट्समध्ये वेळ मिलिसेकंदांत असते, तेव्हा दोन्ही डेटाबेसचे आकडे एकाच एक्सेलमध्ये टाकणाऱ्यांनी जपून.

माय-एसक्यूएलच्या स्लो क्वेरी लॉगवर तर लोकांची श्रद्धाच असते. “लॉगमध्ये काही नाही, म्हणजे डेटाबेस ठीक आहे.” हा लॉग मुळात बंद येतो, आणि चालू केला तरी त्याची मर्यादा 10 सेकंदांची असते. ती ग्लोबल पातळीवर एका सेकंदावर आणली, तरी आधीपासून उघडी असलेली कनेक्शन्स जुनाच आकडा धरून बसतात. अ‍ॅप्लिकेशनचा कनेक्शन पूल तासन्‌तास तीच कनेक्शन्स वापरतो, त्यामुळे बदल करूनही लॉग कोरा. आणि खरी डोकेदुखी बरेचदा लांब क्वेरीची नसतेच. 40 मिलिसेकंदांची क्वेरी दिवसात 5 लाख वेळा चालली, तर तिने सर्व्हरचे साडेपाच तास खाल्ले; लॉगला त्याचा पत्ता नाही. ती सापडते डायजेस्टमध्ये, एकूण वेळेनुसार उतरत्या क्रमाने लावल्यावर. माझ्या मते कुठल्याही माय-एसक्यूएल सर्व्हरवर पहिली नजर इथेच टाकावी.

पोस्टग्रेसवाल्यांचा खास गैरसमज शून्याचा. “डिस्क वाचायला लागलेला वेळ शून्य, म्हणजे सगळं कॅशमधून येतंय.” ट्रॅक आयओ टायमिंग हे सेटिंग मुळात बंद असतं, म्हणून तो रकाना शून्य दाखवतो. चालू करण्याआधी पीजी टेस्ट टायमिंग हे सोबत येणारं साधन चालवून आपल्या मशीनवर घड्याळ वाचणं किती महाग आहे ते पाहावं. पीजी स्टॅट स्टेटमेंट्स वापरायचं तर ते सर्व्हर सुरू होतानाच लोड करावं लागतं, म्हणजे एक रीस्टार्ट आलाच. त्यात मुळात 5000 प्रकारच्या क्वेरी मावतात. जास्त झाल्या की कमी चालणाऱ्या बाहेर पडतात.

ओरॅकलची गोष्ट वेगळी, कारण तिथे चूक थेट पैशात मोजली जाते. “एडब्ल्यूआर चालूच आलाय, म्हणजे आपल्याला वापरायचा हक्क आहे.” एडब्ल्यूआर म्हणजे कामगिरीच्या नोंदींचं भांडार. एंटरप्राइज एडिशनमध्ये त्यासाठी दर तासाला स्नॅपशॉट घेतला जातो आणि आठ दिवस ठेवला जातो, पण त्याचे रिपोर्ट काढायला डायग्नॉस्टिक्स पॅकचा वेगळा परवाना लागतो. वापर झाल्याची नोंद डेटाबेस स्वतःच ठेवतो. परवाना नसेल तर कंट्रोल मॅनेजमेंट पॅक अ‍ॅक्सेस हा पॅरामीटर ‘नन’ करावा आणि जुना, पण फुकट असा स्टॅट्सपॅक वापरावा. परवाना असणाऱ्यांनीही आठ दिवसांकडे लक्ष द्यावं: महिनाअखेरची तुलना मागच्या महिनाअखेरशी करायची, तर तो डेटा केव्हाच गेलेला असतो. मुदत मिनिटांत द्यायची असते. 30 दिवस म्हणजे 43200.

“मॉनिटरिंगनं डेटाबेस हळू होतो, बंदच ठेवा” म्हणणारे अजून भेटतात. सरसकट सगळी इन्स्ट्रुमेंट्स चालू केली तर भार पडतोच. पण डायजेस्टसारखा गोषवारा कायम चालू ठेवावा आणि वेट, स्टेजसारखा तपशील तपासणीपुरता उघडावा, यात बहुतेकांचं भागतं. सगळं बंद ठेवून अडचणीच्या रात्री अंदाज बांधत बसणं त्यापेक्षा कितीतरी महाग.

मॉरिसव्हिल आणि पुण्याच्या जोड्यांसाठी वेळेबद्दलही सांगायला हवं. माय-एसक्यूएल स्लो लॉगच्या फाइलमध्ये वेळ मुळात यूटीसी लिहितो. तिथली 06:30 म्हणजे पुण्यात दुपारचे 12, उन्हाळ्यात मॉरिसव्हिलला रात्रीचे अडीच आणि हिवाळ्यात दीड. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतलं घड्याळ एक तास मागे जातं, तेव्हा तिथे रात्री दीड दोनदा वाजतो. “दीडच्या सुमाराला अडकलं होतं” असा निरोप त्या रात्री कामाचा नाही. निरोपात वेळ यूटीसीच लिहा.

तसंच डायजेस्ट टेबल रिकामं करायचं असेल, तर पलीकडच्या पाळीला आधी कळवा. पुण्यात कोणी दुपारी नव्याने मोजायला म्हणून ट्रंकेट केलं, तर मॉरिसव्हिलला सकाळी दिसणारे आकडे काही तासांचेच असतात, आणि पाहणारा ते आठवड्याचे समजतो. पुढचा रीस्टार्ट होण्याआधी सध्याची सेटिंग्ज एका फाइलमध्ये उतरवून दोन्हीकडे ठेवा आणि रीस्टार्टनंतर ताडून पाहा.