हळकुंडातला पिवळा रेणू आणि मेंदूतली प्रथिने

औंढा नागनाथहून वसमतकडे निघाले की दिवाळीच्या सुमारास हळदीची रुंद हिरवी पाने शेतांतून डोलताना दिसतात. जमिनीखाली कंद अजून भरत असतात. काढणीला शिमगा उजाडतो. मग कंद शिजवायचे, वाळवायचे, ढोलात पॉलिश करायचे आणि हळकुंडांची पोती वसमतच्या मोंढ्यावर किंवा हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात न्यायची. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

हल्ली या हळदीला एक दावा चिकटला आहे. रोज हळद घेतली की स्मृतिभ्रंश आणि कंपवात लांब राहतात, असे सांगितले जाते. ही निव्वळ थाप नाही, पण औषधाची खात्रीही नाही. त्यात तथ्य किती, हे कळायला प्रथिने एकमेकांना का चिकटतात, तिथून सुरुवात करावी लागते.

घडी बिघडली की

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. तिचे काही भाग पाण्यात रमतात, काही पाण्याला टाळतात. पेशीतल्या पाण्यात बहुतेक साखळ्या अशी घडी घालतात, की पाणी टाळणारे भाग आत दडावेत. ते उघडे पडले, तर शेजारच्या साखळीचे तसेच भाग त्यांना येऊन चिकटतात. पुढे साखळ्यांच्या कण्यांमध्ये हायड्रोजन बंध जुळतात आणि पट्ट्या एकीवर एक रचल्या जातात. दोन पट्ट्यांतले अंतर सुमारे 0.47 नॅनोमीटर असते. त्यातून तयार होणारा तंतू जेमतेम 10 नॅनोमीटर जाड, पण चिवट असतो. याला अमायलॉइड म्हणतात.

कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत अशा तंतूंचे पुंजके सापडतात. 1912 मध्ये फ्रिडरिख लेवी यांनी ते प्रथम नोंदवले. ते मुख्यतः अल्फा-सायन्युक्लिन या प्रथिनाचे असतात, हे 1997 मध्ये स्पष्ट झाले. 140 अमिनो आम्लांच्या या साखळीला मुळात पक्की घडीच नसते. त्यामुळे ती सहज भरकटू शकते.

बीज पडेपर्यंतचा उशीर

हे प्रथिन परीक्षानळीत ठेवले, तर बराच वेळ काहीच घडत नाही; मग एकाएकी तंतू भराभर वाढू लागतात. खडीसाखरेच्या पाकात दोरा सोडला की त्यावर खडे धरतात, दोरा नसेल तर पाक बराच वेळ तसाच राहतो, तसेच हे आहे. पहिले मोजके रेणू एकत्र येणे अवघड असते, कारण इतक्या लहान जुडीला एकत्र राहून मिळणारी ऊर्जा तिची मोकळीक गमावण्याच्या किमतीला पुरत नाही. एकदा बीज तयार झाले की नवे रेणू त्याच्या टोकाला लागत जातात. तयार तंतू तुटला तर टोके वाढतात, आणि वेग आणखी चढतो. पवईच्या आयआयटी मुंबईतील समीर माजी यांच्या गटाने 2020 मध्ये दाखवले, की अल्फा-सायन्युक्लिन आधी द्रवाच्या सूक्ष्म थेंबांत गोळा होते, ते थेंब घट्ट होत जातात आणि त्यातून तंतू निघतात.

यातली कळीची गोष्ट अशी, की मोठे तंतू दिसायला भयंकर असले, तरी पेशीला अधिक इजा मधल्या टप्प्यातल्या लहान जुड्या करतात, असे अनेक प्रयोग सांगतात. पाणी टाळणारा त्यांचा पृष्ठभाग उघडा असतो आणि तो पेशीच्या पडद्याला बाधतो.

पवईत हळद

माजी यांच्याच गटाने 2013 मध्ये हळदीतला पिवळा रेणू, कुरक्युमिन, या प्रथिनात मिसळून पाहिला. सुट्या साखळीला तो चिकटला नाही. जुड्यांना आणि तंतूंना मात्र चिकटला, आणि त्यांचा उघडा पृष्ठभाग बदलला. विशेष म्हणजे गोळा होण्याची क्रिया त्याने थांबवली नाही, उलट तिचा वेग वाढवला. तरीही पेशींना होणारी इजा कमी झाली. घातक मधला टप्पा लवकर ओलांडला जात असावा, असे त्यांचे अनुमान आहे. म्हणजे ‘हळद गाठी विरघळवते’ हे लोकप्रिय वाक्य इथे लागू पडत नाही.

परीक्षानळीबाहेर

हळदीत कुरक्युमिन साधारण 2 ते 5 टक्के असते. हळदीत चुना मिसळून कुंकू करतात, तेव्हा होणारा लाल रंग याच रेणूचा. अल्कलीत त्याचे रूप पालटते. शरीराच्या जवळपासच्या 7.2 सामूला, 37 अंशांवर, नुसत्या द्रावणात त्याचा सुमारे 90 टक्के भाग अर्ध्या तासात मोडतो. रक्तातल्या प्रथिनांच्या सोबतीत तो बराच जास्त टिकतो, पण तिथवर पोचतोच थोडा: आतड्यातून कमी शोषला जातो आणि उरलेला यकृत लगेच बदलून टाकते. अमेरिकेत अल्झायमर या प्रकारच्या स्मृतिभ्रंशाच्या 36 रुग्णांवर 24 आठवड्यांची चाचणी झाली. काहींना दिवसाला 4 ग्रॅम कुरक्युमिन दिले. 2012 मध्ये निष्कर्ष आला: रक्तात ते अत्यल्प सापडले, आणि फायदा दिसला नाही. म्हणूनच माजी यांच्या गटाने पुढे कुरक्युमिनसारखे, पण अधिक टिकाऊ रेणू बनवून तपासले.

मिरीतल्या पायपेरिनने शोषण वाढते हे खरे, पण तेच पायपेरिन इतर औषधांच्या विघटनातही ढवळाढवळ करते. कुरक्युमिनच्या जास्त मात्रेच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. भेसळीसाठी वापरला जाणारा लेड क्रोमेट तर मेंदूलाच विष आहे.

तेव्हा फोडणीत हळद घाला, रात्री हळदीचे दूधही घ्या, शक्यतो हळकुंडे आणून घरी किंवा ओळखीच्या गिरणीवर दळून घ्या. मात्र घरात कंपवाताचा किंवा स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असेल, तर डॉक्टरांनी दिलेली गोळी हळदीच्या भरवशावर बंद करू नका, आणि कुरक्युमिनच्या गोळ्या त्यांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.